प्रकल्प नोंदी : आंब्याचा डीएनए, पेरूची जेली

६ जानेवारी २०२५, रत्नागिरी

नोंदवही माझ्याकडे आली, कारण बाकी पाच जणांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही. टी.वाय. बायोटेकचे आम्ही सहा जण. त्यात एकाच नावाच्या तिघी, म्हणून वहीत गावावरून लिहायचं ठरलं. लांजा, गुहागर, मालगुंड, साखरपा, देवरुख आणि मी राजापूर. सर म्हणाले, एसटी स्टँडवरची घोषणा ऐकल्यासारखं वाटतंय.

काम असं : परीक्षेआधी तीन शाळा, एखादा बचत गट आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा स्टॉल. विषय सिंथेटिक बायोलॉजी. यातली मोठी स्पर्धा म्हणजे आयजेम. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात महिन्याभराचा कोर्स म्हणून सुरू झाली, २००४ साली पाच टीम होत्या, आता जगभरातून शेकडो येतात. आम्ही त्यात नाही. फीचा डॉलरमधला आकडा वाचला आणि ते पान बंद केलं. पण तिथल्या टीमना लॅबबाहेर पडून लोकांशी बोलावं लागतं. तेवढं करायला फी पडत नाही.

पहिलं भांडण नावावरून. सरांना ‘संश्लेषी जीवशास्त्र’ हवं होतं. लांजाने घरी आजीवर प्रयोग केला. ‘संश्लेषी’ आजीला उच्चारता येईना. ‘कृत्रिम’ म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खोटं. मखरातल्या फुलांसारखं." झालं, तो शब्द बाद. इंग्रजी नावच ठेवायचं आणि समजूत विरजणापासून घालायची : दुधाचं दही जिवाणू करतात, ते काम त्यांचं स्वतःचं. आता जिवाणूच्या आत नव्या कामाची चिठ्ठी ठेवता येते. ती चिठ्ठी म्हणजे डीएनएचा तुकडा.

नियम एकच. जनुकीय बदल केलेला कोणताही जिवंत जिवाणू कॉलेजच्या बाहेर न्यायचा नाही. १९८९ च्या नियमांप्रमाणे त्याला समित्यांची परवानगी लागते आणि ते बरोबरच आहे. म्हणजे आमच्या पिशवीत रबरी बांगड्या, मणी आणि डोळ्यांना दिसेल असं काहीतरी एक.

९ जानेवारी

ते ‘काहीतरी एक’ म्हणजे डीएनए काढून दाखवणं. फळाचा लगदा, मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण. गाळायचं आणि वरून थंडगार स्पिरिट कडेकडेने सोडायचं. साबण पेशीचं स्निग्ध आवरण फोडतो, मिठामुळे धागे एकमेकांजवळ येतात, आणि स्पिरिटात डीएनए विरघळत नसल्यामुळे तो मधल्या थरात पांढरा दिसायला लागतो. नेटवर सगळे स्ट्रॉबेरी घेतात. साखरपा म्हणाला, "रत्नागिरीत राहून स्ट्रॉबेरी? लाज वाटली पाहिजे." जानेवारीत हापूस कुठला, पण मालगुंडच्या काकांकडे गेल्या मोसमातला रसाचा डबा होता.

निघालं काय! अंगठ्याएवढा पांढरट, लिबलिबीत गोळा. काडीने उचलला तर लोंबत होता. एवढा मोठा डीएनए आम्ही प्रॅक्टिकलला कधी बघितला नव्हता. देवरुखने सतरा फोटो काढले.

१५ जानेवारी

पहिली शाळा, पावसच्या अलीकडे. सातवी-आठवी, एका वर्गात.

बांगडीचा खेळ जमला. जिवाणूत डीएनएची छोटी गोल वेटोळी असतात. रबरी बांगडी कात्रीने कापायची, लाल मण्यांची छोटी माळ मध्ये घालायची, टोकं चिकटवायची. लाल माळ म्हणजे इन्सुलिनची चिठ्ठी. ‘घरी इन्सुलिनचं इंजेक्शन कोण घेतं?’ म्हटल्यावर निम्मे हात वर. पूर्वी ते डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढायचे, हे ऐकून शेवटच्या बाकावर कुजबुज झाली. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनची चिठ्ठी जिवाणूकडून वाचून घेतली गेली आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. एका मुलीने विचारलं, "मग त्या जिवाणूला साखर होत नाही काय?" गुहागर पाच सेकंद गप्प. त्याला डायबेटिस कळत नाही, तो नुसता बनवतो, असं म्हणून सुटलो.

मग आंब्याचा गोळा. वर्ग उठून टेबलाभोवती. छोट्या बाटल्यांतून बावीस मुलांना घरी न्यायला दिला. बाटलीवर लेबल माझ्या अक्षरात : ‘हापूसचा डीएनए’.

२० जानेवारी

एकाच दिवशी दोन शाळा, दोन्हीकडे तोच कार्यक्रम. घसा बसला. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी विचारलं, हे म्हणजे बीटी वांगंच ना? आम्ही सांगितलं : बीटी म्हणजे किडीला मारणारं जिवाणूचं जनुक झाडात घातलेलं. बीटी कापूस २००२ पासून आपल्याकडे आहे. बीटी वांग्यावर २०१० च्या फेब्रुवारीत सरकारने जाहीर सुनावण्या घेतल्यानंतर स्थगिती आणली. तंत्राची मुळं सारखी आहेत, पण प्रत्येक वस्तूचा निवाडा वेगळा. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवायचा." कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

तिसऱ्या शाळेत गुरुजींनी गोळ्याची मोठी बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात काचेमागे ठेवली, लेबल बाहेरच्या बाजूला करून.

२४ जानेवारी

कामाचा दिवस नव्हता. रात्री भाट्याच्या वाळूत गेलो, कारण लाटा चमकताहेत असा निरोप आला होता. खरंच चमकत होत्या. पाय आपटला की ओल्या वाळूत निळे ठिपके. ही नॉक्टिल्युका, समुद्रातला एकपेशीय जीव. ढवळली की उजळते, म्हणून लाट फुटते तिथेच उजेड. शेजारी उभ्या काकांना आम्ही बायोटेकवाले हे कळल्यावर ते म्हणाले, "तुमच्या लॅबमधून सुटलं की काय हे?" नाही काका, हे आपल्याआधीचं.

घरी येताना गुहागरला खेळ सुचला. काही सागरी जिवाणू एकटे असताना उजळत नाहीत. प्रत्येक जण पाण्यात एक रेणू सोडत राहतो आणि तो पुरेसा साठला की सगळे एकदम पेटतात. ही युक्ती सिंथेटिक बायोलॉजीवाल्यांनी उसनी घेऊन कितीतरी ठिकाणी वापरली आहे. मुलांनी एकेक चिंचोका वाटीत टाकायचा आणि वाटी शिगोशीग भरली की सगळ्यांनी टॉर्च लावायचा. चिंचोके कुणाकडे आहेत?

१ फेब्रुवारी

गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा बचत गट. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ आणि पेरूची जेली करणाऱ्या चौदा बायका. आम्हाला आधी सरबत मिळालं. बांगड्यांचा खेळ त्यांना आवडला, मात्र बांगडी कापताना दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. (बांगडीला ‘वाढवली’ म्हणतात, ‘कापली’ नाही. पुढच्या वेळी रबराची नळी न्यायची.)

मग मी रसाचा डबा उघडला, स्पिरिट सोडलं, गोळा वर आला. नेहमीप्रमाणे टाळ्यांची वाट बघितली.

पुढच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "अगो, हे तर आम्ही रोज करतो."

मला वाटलं त्या गंमत करताहेत. त्या उठून टेबलाशी आल्या. जेली करताना पेरू शिजवून पाणी गाळायचं. त्यातलं चमचाभर पाणी बशीत घेऊन स्पिरिट घालायचं. एकसंध घट्ट गोळा झाला तर पेक्टिन, म्हणजे जेली धरवणारा फळातला चिकटा, भरपूर, जेली धरणार. तुटक तुटक झालं तर कमी, मग पाणी आणखी आटवायचं किंवा पेक्टिनची पावडर घालायची. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. तुमचा गोळा नि आमचा गोळा एकच दिसतो गो." आणि डब्याकडे बोट दाखवून, "हा तर उकळत्या पाण्यात ठेवलेला रस. त्यात तुमचं ते शिल्लक राहतं काय?"

मी म्हटलं, "दोन्ही असेल मावशी." चेहरा राखायला म्हटलं. सहाही जणांना त्याच क्षणी कळलं होतं.

परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही. पेक्टिन स्पिरिटात गोळा होतं हे एस.वाय.च्या पुस्तकात आहे. मी स्वतः त्यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलंय.

३ फेब्रुवारी, लॅब

डायफिनाइलअमीनची टेस्ट लावली. डीएनएतल्या साखरेमुळे हे द्रावण आम्लात तापवल्यावर निळं होतं, पेक्टिनमुळे होत नाही. चार नळ्या : विकतचा शुद्ध डीएनए, केळ्याचा गोळा, पेरूच्या पाण्यातला गोळा आणि आपला हापूस. गोळे आधी स्पिरिटाने धुऊन घेतले, नाहीतर फळातली साखर जळून तपकिरी रंग येतो. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं.

विकतचा गडद निळा. केळं फिकट, पण निळंच. पेरू काही नाही. हापूस काही नाही.

साखरप्याने हापूसची नळी खिडकीशी धरली. "जरा निळसर झाक वाटते." पांढऱ्या कागदासमोर पेरूच्या नळीशेजारी धरली. दोन्ही सारख्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

नीट लिहून ठेवते. डब्यातल्या रसात डीएनए अजिबात नाही असं यातून सिद्ध होत नाही. उकळल्याने त्याचे बारीक तुकडे झाले असतील आणि फार थोडा असेल तर या टेस्टला दिसणार नाही. पण मुलांनी जो अंगठ्याएवढा गोळा बघितला, तो पेक्टिनचा. केळ्याच्या गोळ्यातही डीएनए थोडा आणि पेक्टिन फार. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ हे सांगत नाहीत, आणि आम्ही व्हिडिओ बघूनच शिकलो होतो.

४ फेब्रुवारी

दोन तास वाद. साखरपा : मुलांना तत्त्व कळलं, गोळा कशाचा याने काय बिघडतं? देवरुख : परत गेलो तर कॉलेजचं नाव जाईल. लांजा : बावीस घरांत खोटं लेबल लावलेल्या बाटल्या आहेत. मालगुंड फक्त एवढंच म्हणाली, की त्या बाईंनी ‘तुमच्यावर विश्वास ठेवायचा’ म्हटलं होतं ना, त्यांना उद्या कुठल्या बचत गटातून कळलं तर? सर सुरुवातीला म्हणाले, सगळेच तसं दाखवतात. मग चहा झाला आणि चहानंतर म्हणाले, "जा."

हात वर करून मत घेतलं, चार विरुद्ध दोन. जायचं.

११ फेब्रुवारी

पेक्टिन वनस्पतीत असतं, प्राण्यात नाही. म्हणजे डीएनए प्राण्याच्या पेशीतून काढायचा. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशरने हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला, तो दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून. पुढे त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या नराचं वीर्य घेतलं, कारण त्यात डीएनए ठासून भरलेला असतो. हे वाचून गुहागर पहाटे मिरकरवाड्याला गेला आणि कोळणीला म्हणाला, मावशी, नराचं ते पांढरं मिळेल काय? तिने त्याला आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "गाबोळी मागणारे रोज येतात, तुझ्यासारखा पहिलाच." पांढरं मिळालं नाही. बांगडे मिळाले, ते आम्ही खाल्ले.

कोंबडीच्या कलेजीवर उत्तम धागे निघाले. कच्च्या पपईच्या चिकाने प्रथिनं तोडली की आणखी स्वच्छ. पण गुरुजी फोनवर म्हणाले, शाळेत कलेजी नको, घरोघरी तक्रारी येतील. मग राहिलं आपलं तोंड. मिठाच्या पाण्याची चूळ मिनिटभर गालात खेळवायची, पेल्यात थुंकायची, साबण, अननसाचा थेंबभर रस, स्पिरिट. सहा जणांच्या थुंकीची टेस्ट : फिकट निळी, पण निळी. डोळ्यांना दिसतं ते फार थोडं. कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-चार धागे, त्यातही थोडा चिकटा.

१४ फेब्रुवारी, पहिली शाळा

मावशींना विचारलं, येणार काय? त्या किलोभर पेरू, स्टोव्ह आणि जेलीची बरणी घेऊन आल्या.

आधी मी उभी राहिले. गेल्या वेळी आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं, असं म्हटलं. सातवी-आठवीच्या मुलांना मोठ्यांनी असं म्हणायची सवय नसावी. वर्ग इतका शांत झाला की बाहेरचा बोअरवेलचा पंप ऐकू आला. बाटल्या परत मागितल्या. बाविसातल्या सात आल्या. चौघांच्या आईने फेकल्या, एकाने क्रिकेटच्या बॉलवर बदलून घेतली, काहींना आठवेना. एका मुलीने हात वर केला. तिच्या आजीने बाटली देवघरात ठेवली होती आणि रोज हळदकुंकू वाहत होती. "मग काढू काय तिथून?" लांजा म्हणाली, आजीला विचार. मला दुसरं उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मावशींनी पेरूचं पाणी बशीत घेतलं, स्पिरिट घातलं. तसाच गोळा. शेजारी आमचा हापूसचा. "ओळखा कुठला कुणाचा." कुणालाच ओळखता येईना. मग लॅबमधल्या चार नळ्यांचे फोटो दाखवले. एक मुलगा म्हणाला, म्हणजे निळं झालं नाही तर ते नाही. निदान या टेस्टला दिसण्याइतकं तरी नाही. "आणि निळं झालं तर ते असतंच?" सर मागे बसले होते, ते पुढे आले. इतरही काही पदार्थांनी रंग येऊ शकतो, म्हणून एका टेस्टवर थांबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पंचवीस मिनिटं त्याच्यावरच गेली, बांगड्यांना वेळ उरला नाही.

चूळ भरायचा कार्यक्रम गोंधळाचा झाला. तिघांनी मिठाचं पाणी गिळलं. धागे बाराजणांना दिसले, बाकीच्यांना दिसल्यासारखे वाटले. मागच्या बाकावरून, "आंब्याचा मोठा होता." होता खरा.

जेली सगळ्यांनी खाल्ली.

परतताना एसटीत मावशी माझ्याशेजारी. त्यांना हवं होतं ते वेगळंच. सरबताचा रस गढूळ राहतो, पेक्टिन तोडणारं काही मिळतं का? मिळतं. पेक्टिनेज. काळ्या बुरशीपासून काढतात आणि रसाचे कारखाने रस नितळ करायला तेच वापरतात. "बुरशी एवढं करते?" करते, आणि तिच्यात चिठ्ठी वाढवून ठेवली तर जास्त करते. "म्हणजे तुमची ती बांगडी." महिनाभर शाळाशाळांतून जे समजावत होतो, ते एसटीच्या मागच्या सीटवर दोन थांब्यांत झालं. किंमत किती, किलोभर रसाला किती लागतं, लहान पाकीट मिळतं का, हे त्यांचे पुढचे प्रश्न. यादी केली आहे. उत्तरं मिळवायची आहेत.

२२ फेब्रुवारी

दुसरी शाळा. चिंचोक्यांचा खेळ फार चालला. वाटी भरायच्या आतच एकाने टॉर्च लावला. त्याला गुहागरने ‘म्यूटंट’ ठरवलं आणि आता तेच त्याचं नाव पडलंय म्हणे. बाईंनी पेक्टिनचं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, काही बोलल्या नाहीत. निघताना आठवीच्या पुढच्या वर्षीच्या तासिका विचारायला मात्र सरांना बाजूला घेतलं.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन

स्टॉलवर गर्दी. हरगोबिंद खोराना यांचा फोटो लावला होता. १९६८ चं नोबेल आणि १९७० मध्ये जाहीर झालेलं पहिलं कृत्रिम जनुक. त्याखाली ‘कृत्रिम’ हा शब्द लांजाने स्वतः लिहिला. मी काही बोलले नाही.

एक बागायतदार आले. त्यांचा थेट प्रश्न : "तुमच्या ह्या शास्त्राने हापूसचा साका जाईल?" साका म्हणजे पिकलेल्या फळाचा आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं. साखरपा तोंड उघडत होता. ‘भविष्यात नक्की’ हे शब्द त्याच्या ओठांवर मला दिसत होते. तो थांबला. म्हणाला, साका रोगजंतूने होत नाही, फळाच्या आतलीच बिघाडाची गोष्ट आहे, आणि आम्ही त्यावर काहीच केलेलं नाही. बागायतदार हसले. म्हणाले, रत्ना लाव की, नीलम आणि हापूसचा संकर, साका नाही. "पण गिऱ्हाईक हापूसच मागतं. त्याला तुझं शास्त्र काय करणार?" आणि कोकम सरबत पिऊन गेले.

१२ मार्च

उद्या होळी. लांजा आणि देवरुख पालखीला गावी गेले, साखरप्याकडे मुंबईचे चाकरमानी आलेत. आता शिमगा संपेपर्यंत कुणी सापडायचं नाही, नंतर परीक्षा.

तिसरी शाळा राहिली. दोनदा फोन केला. गुरुजी म्हणाले, आता वार्षिक परीक्षा, जूनमध्ये शाळा उघडली की या. मी बाटलीचं विचारलं. अजून कपाटात आहे, पाहुणे आले की दाखवतो, म्हणाले. तोवर निदान लेबल काढाल का, असं विचारलं. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग, "लेबल काढून काय लिहू?"

‘पेक्टिन’ म्हटलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मी म्हटलं, मराठीतच लिहा. पला मात्रा, कला ट जोडून पहिली वेलांटी, न.

जूनला न्यायचं सामान : पेले चाळीस, मीठ, अननस, रबराची नळी (बांगड्या नाहीत), चिंचोके. मावशींना आठ दिवस आधी कळवायचं, पेरू बघावे लागतात.